जुना 'बाख ४२ बीओ' ट्रॉम्बोन: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझी मुलगी गेली सात वर्षे ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून स्वर बदलण्याचे पितळी फुंकवाद्य, वाजवते. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांमध्ये पाचवी-सहावीच्या सुमारास मुलांना बँडमधले एखादे वाद्य निवडायला सांगतात. तेव्हा तिने हे वाद्य निवडले आणि पुढे सोडले नाही. आम्ही इंडियानापोलिसच्या एका उपनगरात राहतो आणि तिथल्या शाळेच्या वाद्यवृंदात ती आता पहिला ट्रॉम्बोन वाजवते. पदवीसाठी संगीतच घ्यायचे असे तिने ठरवले, तेव्हा तिच्या शिक्षकांनी आम्हाला स्पष्ट सांगितले की विद्यार्थ्यांसाठीच्या वाद्यावर प्रवेशाच्या ऑडिशन देणे म्हणजे तिच्या मेहनतीवर अन्याय आहे. सिंफनीसाठीचा, व्यावसायिक दर्जाचा टेनर ट्रॉम्बोन आता घ्यावाच लागेल. नव्या वाद्याची किंमत आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून आम्ही जुने वाद्य शोधू लागलो आणि चार महिन्यांच्या शोधानंतर सुमारे वीस वर्षे वापरलेला, बाख या कंपनीचा स्ट्रॅडिव्हेरियस ४२ बीओ हा ट्रॉम्बोन १,९०० डॉलरना घेतला. त्याला आता आठ महिने झाले.

मी स्वतः वादक नाही. आधी भोसरीच्या एमआयडीसीत आणि नंतर इथे अशी माझी बावीस वर्षे टूलरूममध्ये गेली आहेत. त्यामुळे या खरेदीत धातू पाहण्याचे काम माझे होते आणि सूर पाहण्याचे काम मुलीचे व तिच्या शिक्षकांचे. या अनुभवातून माझे जे ठाम मत झाले ते आधीच सांगतो: जुना ट्रॉम्बोन घेताना आपण मुख्यतः त्याची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारी नळी, विकत घेत असतो. बाकी जवळजवळ सगळे दुरुस्त होते. झिजलेली स्लाइड मात्र वाद्याच्या निम्म्या किमतीला खाऊन टाकते.

सिंफनीसाठीचा टेनर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी हे वाद्य नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेत सुरुवातीला जो ट्रॉम्बोन देतात त्याच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.५०० इंच असतो. वाद्यवृंदातल्या टेनरचा व्यास ०.५४७ इंच, म्हणजे जवळजवळ १३.९ मिलिमीटर असतो आणि बेलचा, म्हणजे पुढच्या कर्ण्यासारख्या तोंडाचा, व्यास ८.५ इंचांच्या आसपास असतो. कागदावर हा फरक एका मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो, पण वाजवणाऱ्याच्या श्वासाला तो फार मोठा असतो. रुंद नळीत जास्त हवा घालावी लागते आणि त्याच्या बदल्यात कितीही जोरात वाजवले तरी स्वर लवकर फाटत नाही, गोल राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे डाव्या अंगठ्याने चालणारा व्हॉल्व्ह. तो दाबला की जादा नळी जोडली जाते आणि बी-फ्लॅटचे वाद्य एफचे होते. त्यामुळे स्लाइड थांबवायच्या सात स्थानांपैकी सहाव्यावर, हात लांबवून घ्यावा लागणारा 'सी' पहिल्याच स्थानावर मिळतो, सातव्यावरचा 'बी' दुसऱ्याजवळ मिळतो आणि खालच्या 'ई'च्याही खाली उतरता येते. ज्या मुलांचे हात अजून पुरेसे लांब झालेले नाहीत त्यांना हा व्हॉल्व्ह वरदानच वाटतो.

या वर्गातली मोजकी नावे पुन्हापुन्हा कानावर येतात: बाख ४२, कॉन ८८ एच, यामाहाची झीनो मालिका आणि वेगवेगळे भाग निवडून जुळवून घेता येणारे एडवर्ड्स व शायर्स. आमचा कल पहिल्या दोघांकडे होता. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणारे त्यांना आतून-बाहेरून ओळखतात, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण असे की दोन्हींचे गाव आमच्याच राज्यात, इंडियानाच्या उत्तर टोकाला आहे. एल्कहार्ट या गावात चार्ल्स जेरार्ड कॉन यांनी १८७०च्या दशकात वाद्ये बनवायला सुरुवात केली आणि पुढे ते बँडच्या वाद्यांचे माहेरघर झाले. ८८ एच हे मॉडेल १९५०च्या दशकातले. १९७०च्या सुमारास कॉनने पितळी वाद्यांचे उत्पादन गावाबाहेर हलवले, म्हणून त्याआधीच्या वाद्यांना वादक आजही आदराने 'एल्कहार्ट कॉन' म्हणतात. बाखची वाट उलटी होती. ऑस्ट्रियात जन्मलेल्या व्हिन्सेंट बाख यांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेला कारखाना १९६१ मध्ये सेल्मर कंपनीला विकला गेला आणि काही वर्षांतच उत्पादन माउंट व्हर्ननहून एल्कहार्टला आले. आज ही दोन्ही नावे एकाच कंपनीची आहेत. जुना बाख घेणारे लोक एक प्रश्न हमखास विचारतात तो असा की वाद्य २००६ ते २००९ या काळातले आहे का, कारण तेव्हा एल्कहार्टच्या कारखान्यात कामगारांचा दीर्घ संप होता. त्या काळातले प्रत्येक वाद्य कमी प्रतीचे मानणे मला न्याय्य वाटत नाही. पण भाव ठरवताना हा प्रश्न निघतो, म्हणून अनुक्रमांकावरून वर्ष काढून ठेवावे. आमचे वाद्य संपाच्या आधीचे आहे.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो, कारण त्या चुकीनेच मला स्लाइड पाहायला शिकवले. पहिले वाद्य आम्ही छायाचित्रे पाहून मागवले होते. कंपनी आणि विकणारा यांची नावे इथे महत्त्वाची नाहीत. लॅकर, म्हणजे धातूवरचा संरक्षक लेप, आरशासारखे चकचकीत होते, बेलला एकही पोचा नव्हता, पेटीचे मखमली अस्तरसुद्धा नवे होते. मुलीने ते हातात घेतले, सात स्थानांवरून एकदा सावकाश खाली-वर केले आणि ती म्हणाली, "बाबा, चौथ्याच्या पुढे काहीतरी घासतंय." मला काहीच ऐकू आले नव्हते. मी बाहेरची स्लाइड काढून आतल्या नळ्या खिडकीच्या उजेडात तिरक्या धरल्या. वरच्या नळीच्या खालच्या टोकाजवळ, आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेत क्रोमचा निळसर पांढरा मुलामा संपला होता आणि खालचे पितळ पिवळे दिसत होते. कडांना हात लावला तर बोटाला सूक्ष्म खरखर जाणवत होती. पोचे काढता येतात, वाकलेली नळी सरळ करता येते, पण उडालेला क्रोम परत चढवायचा तर नळ्या खास कारागिराकडे पाठवाव्या लागतात, आणि नवी स्लाइड घ्यायची तर हजार डॉलरच्या वर जाते. चकाकी नंतर चढवलेली होती. ती वाद्याच्या प्रकृतीबद्दल काहीच सांगत नव्हती. वाद्य परत घ्यायला विकणारा तयार झाला, पण पाठवण्याचा खर्च आमच्या अंगावर पडला आणि तीन आठवडे गेले.

म्हणून स्लाइडबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आतल्या दोन नळ्यांवर क्रोमचा मुलामा असतो आणि त्यांच्यावरून बाहेरच्या, पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या, पातळ नळ्या सरकतात. आतल्या नळ्यांचे खालचे टोक बाकीच्या नळीपेक्षा किंचित जाड असते. खरा स्पर्श तेवढ्याच भागात होतो आणि श्वासातला ओलावाही खालीच साचतो, म्हणून झीज आणि गंज पहिल्यांदा तिथेच शोधावा. तीन परीक्षा घरच्या घरी करता येतात. पहिली परीक्षा अशी की स्लाइड स्वच्छ पुसून, तेल किंवा क्रीम न लावता, उभी धरायची, कुलूप उघडायचे आणि खाली हात ठेवून बाहेरची स्लाइड सोडून द्यायची. ती कुठेही न अडखळता स्वतःच्या वजनाने खाली आली पाहिजे. हात खाली हवाच, कारण जमिनीवर आपटलेल्या स्लाइडचा खालचा वळसा चेपतो आणि मग दोन्ही नळ्यांची समांतरता बिघडते.

दुसरी परीक्षा मला सर्वांत जास्त आवडते, कारण ती दोष कुठे आहे हेही सांगते. बाहेरची स्लाइड पूर्ण काढून घ्यायची आणि आतल्या दोन नळ्यांपैकी एकच नळी तिच्या जोडीदारात घालून, दुसरी बाजूला मोकळी ठेवून, सरकवून पाहायची; मग दुसरी. एकेकटी सरकताना जर घर्षण जाणवले तर ती नळी वाकलेली आहे किंवा तिला पोचा आहे. एकेकट्या दोन्ही छान सरकतात आणि एकत्र घातल्यावर अडतात, तर दोन नळ्या एकमेकींना समांतर नाहीत. दुसरा दोष चांगला कारागीर थोडक्या वेळात काढतो, म्हणून तो दिसला तर घाबरू नये, भाव कमी करून घ्यावा. तिसरी परीक्षा हवेची. माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा तुकडा, बसते ते तोंड आणि बेल जोडतात ते तोंड अशी दोन्ही तोंडे बंद करायची, स्लाइड उभी धरायची आणि कुलूप उघडायचे. एका तोंडावर मुलीचा तळहात होता आणि दुसऱ्यावर माझा अंगठा. नळ्या घट्ट बसत असतील तर आत पोकळी तयार होऊन बाहेरची स्लाइड अगदी सावकाश उतरते, आणि हात काढताच झपकन खाली येते. ती पहिल्यापासूनच भरभर पडली तर आधी पाणी काढण्याच्या झडपेचे बूच तपासावे. ते गळत असेल तर दुरुस्ती चहाच्या किमतीत होते. बूच ठीक असूनही हवा राहत नसेल तर नळ्या सैल झालेल्या आहेत आणि ते वाद्य सोडून द्यावे.

या परीक्षा शिकल्यानंतर आम्हाला एकाच आठवड्यात दोन वाद्ये पाहायला मिळाली. पहिले होते एका दुकानातले एल्कहार्ट काळातले कॉन ८८ एच. दुसरे म्हणजे मिशिगनमधल्या एका निवृत्त वादकाचे बाख ४२ बीओ. दुकानाने आठवडाभर घरी नेऊन वाजवून पाहण्याची मुभा दिली आणि त्या वादकानेही अनामत धनादेश घेऊन तीन दिवसांसाठी वाद्य दिले. इथे ही पद्धत रूढ आहे आणि ती न मागण्याइतका संकोच कोणी करू नये. आपल्याकडे मिरजेला तानपुरा घ्यायला गेलेला माणूस कारागिराच्या समोर बसून जवारी लावून घेतो, त्याचा भोपळा वाजवून पाहतो, घाई करत नाही. इथे वाद्य बनवणारा समोर नसतो, म्हणून निदान वेळ तरी मागून घ्यावा.

बाखच्या त्या जुन्या मालकांनी आम्हाला स्वयंपाकघराच्या टेबलावर वाद्य उघडून दाखवले. दर्शनी रूप साधेच होते. डाव्या हाताच्या पकडीखालचे लॅकर घामाने उडून धातू काळपट तपकिरी झाला होता, बेलच्या मागच्या वळशाला बोराएवढे दोन पोचे होते आणि पेटीची एक कडी तुटलेली होती. त्यांनी त्यातले काहीही लपवले नाही, उलट प्रत्येक पोच्याचा इतिहास सांगितला. आतल्या नळ्यांवरचा क्रोम मात्र टोकापासून टोकापर्यंत अखंड होता. त्यांनी वीस वर्षे रोज वाजवून झाल्यावर स्लाइड पुसून ठेवली होती, हे त्यांनी सांगण्याआधीच दिसत होते. पहिल्या परीक्षेत बाहेरची स्लाइड माझ्या तळहातावर इतक्या शांतपणे येऊन टेकली की मुलीने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. दुसऱ्या परीक्षेत मात्र एकत्र सरकताना तळाशी थोडा जडपणा जाणवला. समांतरतेचा तो लहानसा दोष आम्ही त्यांना दाखवला आणि त्यांनी आपणहून शंभर डॉलर कमी केले.

व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. अंगठ्याची पट्टी न दाबता एफच्या नळीचा सूर जुळवणारी छोटी स्लाइड ओढून धरायची, चार-पाच सेकंद थांबायचे आणि मग पट्टी दाबायची; आतला रोटर, म्हणजे व्हॉल्व्हचा फिरणारा भाग, घट्ट असेल तर बुडबुडा फुटल्यासारखा 'टप्' असा आवाज येतो. आमच्या वाद्याने तो आवाज स्वच्छ दिला. ४२ बी आणि ४२ बीओ यांतला फरक याच नळीच्या मांडणीत आहे. बी मध्ये ती बेलच्या वळशाच्या आतच घड्या घालून बसवलेली असते. बीओ मध्ये ती कमी वळणांची आणि मागे बाहेर आलेली असते, त्यामुळे व्हॉल्व्हवरचे स्वर मोकळे वाजतात, पण मागे आलेली नळी दाराच्या चौकटीला किंवा खुर्चीला लागण्याची भीती कायम राहते. ४२ टी मध्ये शंकूच्या आकाराचा, हवेला जवळजवळ सरळ जाऊ देणारा थेअर व्हॉल्व्ह असतो. तो वाजवायला सुरेख असतो, पण जड असतो आणि त्याची निगा काटेकोरपणे राखावी लागते, म्हणून सतरा वर्षांच्या मुलीसाठी आम्ही तो विचारात घेतला नाही.

पितळेचा रोग पाहायला विसरू नये. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. वर्षानुवर्षे ओलावा साचून जस्त निघून गेले की तिथे गुलाबी ठिपका उरतो आणि त्याभोवती गडद कडी दिसते. वरून लॅकर उडाल्याचे डाग वेगळे आणि आतून बाहेर आलेले हे गुलाबी ठिपके वेगळे. पहिले फक्त दिसण्यापुरते असतात, दुसरे म्हणजे भिंत आतून पोखरली गेल्याची खूण. माउथपीसच्या पुढची नळी आणि बेलच्या मागचा वळसा या दोन जागी हे ठिपके आधी येतात. लहान टॉर्च एका टोकाने आत धरून मी ते शोधले आणि बाखमध्ये ते सापडले नाहीत. दुकानातल्या ८८ एचच्या मागच्या वळशावर तीन होते.

त्या कॉनबद्दल मात्र मी कमी लिहिले तर अन्याय होईल. त्याची बेल तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या लालसर पितळेची असते, आणि खोलीत वाजवताना त्याचा आवाज जो ऊबदार येतो तसा दुसऱ्या कोणत्याही ट्रॉम्बोनचा मी ऐकलेला नाही. मुलीचे मन त्याच्यावर बसले होते. पण त्या वाद्यात माउथपीस नीट बसत नव्हते. जुन्या कॉनमध्ये माउथपीसच्या दांडीचा उतार 'रेमिंग्टन' पद्धतीचा असतो आणि तिच्याकडचे बाख ५ जी हे नेहमीच्या मोठ्या दांडीचे माउथपीस त्यात घातले की किंचित डुलते. ज्या एमरी रेमिंग्टन यांच्या नावाने ती दांडी ओळखली जाते, त्यांनी रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत १९२२ ते १९७१ अशी जवळजवळ पन्नास वर्षे ट्रॉम्बोन शिकवला. दांडी जुळणारे माउथपीस मिळते, म्हणून केवळ त्यासाठी आम्ही ते वाद्य सोडले नसते. खरा निर्णय सभागृहात झाला.

शाळेचे सभागृह शनिवारी सकाळी मोकळे असते. मुलगी मंचावर होती; मी आणि तिचे शिक्षक शेवटच्या रांगेत, मंचाकडे पाठ करून बसलो, म्हणजे कोणते वाद्य वाजते आहे हे दिसणार नाही. तिने दोन्हींवर त्याच तीन जागा वाजवल्या: मोझार्टच्या 'रेक्विएम'मधला 'टुबा मिरुम'चा एकल भाग, ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीच्या चौथ्या भागातली ट्रॉम्बोनची संथ, प्रार्थनेसारखी जागा आणि राव्हेलच्या 'बोलेरो'तला वरच्या 'डी-फ्लॅट'पर्यंत जाणारा अवघड भाग. ब्राम्सने तीन भाग ट्रॉम्बोनना गप्प बसवून चौथ्यात ही जागा दिली आहे, त्यामुळे तिथे ओठ थंड असताना हळुवार स्वर निर्दोष सुरू करता येतो की नाही याचीच कसोटी लागते. मोझार्टच्या वेळी आम्हा दोघांना पहिले वाद्य जास्त आवडले आणि ते कॉन होते. ब्राम्समध्ये मात्र दुसऱ्या वाद्याच्या स्वराची सुरुवात शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचत होती, पहिल्याची वाटेत विरत होती. 'बोलेरो'च्या वरच्या स्वरांवर पहिले वाद्य जोर वाढताच धारदार झाले, दुसरे त्याच रंगात मोठे होत गेले. शिक्षकांनी पाठ न वळवताच सांगितले, "दुसरे घ्या. तीस जणांच्या तारवाद्यांवरून हा आवाज जाईल." मंचावरून ऐकणाऱ्या मुलीला नेमके उलट वाटले होते. वाजवणाऱ्याच्या कानाशी जे गोड लागते ते मागे पोहोचतेच असे नाही, म्हणून दुसऱ्याला वाजवायला लावून स्वतः दूर जाऊन ऐकल्याशिवाय आणि दुसऱ्याचे कान सोबत घेतल्याशिवाय एवढे पैसे मोजू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. मुलगी दोन दिवस उदास होती. कॉन परत देताना पेटी तिनेच गाडीतून आत नेली.

बाख घरी आल्यावर पहिले काम आंघोळीचे. कोमट पाण्यात, अगदी थोडा भांडी घासायचा साबण घालून, लांब लवचिक ब्रशने नळ्या धुतल्या. पाणी गरम असेल तर लॅकर सुटते, म्हणून कोमटच. माउथपीसच्या पुढच्या नळीतून हिरवट काळा गाळ निघाला, आणि तो निघाल्यावर वरचे स्वर सहज लागू लागले असे मुलीने लगेच सांगितले. त्यानंतर वाद्य शहरातल्या एका कारागिराकडे दिले. त्यांनी स्लाइड समांतर केली, मागच्या वळशातले दोन्ही पोचे आतून पोलादी गोळा फिरवून आणि बाहेरून हलक्या हातोडीने ठोकून काढले. ते पाहताना मला पुण्याच्या तांबट आळीतला आवाज आठवला. बाखची बेलही पितळेच्या एकाच पत्र्यातून हातोडीने घडवलेली असते, त्यामुळे ती आठवण अगदीच अस्थानी नव्हती. एकूण २२० डॉलर लागले. म्हणजे सारे धरून २,१२० डॉलरमध्ये आम्हाला असे वाद्य मिळाले की ज्याची नवी प्रत याच्या दुपटीने महाग आहे.

आठ महिन्यांत जे चांगले आढळले ते आधी. स्लाइडवर पाणी शिंपडून रोज दोन तास वाजवूनही झीज वाढलेली नाही. मधल्या सप्तकातला स्वर भरीव आहे, आणि तीन ट्रॉम्बोन एकत्र वाजतात तेव्हा हा बाकीच्या दोघांत मिसळतो, उठून दिसत नाही. वाद्यवृंदात हाच गुण लागतो. खालच्या 'सी'पर्यंतचे व्हॉल्व्हवरचे स्वर तिच्या आधीच्या वाद्याच्या मानाने फार मोकळे येतात. आता तक्रारी. वाद्याचा सगळा भार डाव्या हातावर येतो आणि पहिल्या महिन्यात तिचा अंगठा दुखत असे, म्हणून आम्ही तळहाताला आधार देणारी एक पट्टी बसवली. ज्या मुलांचे हात लहान आहेत त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे. व्हॉल्व्हच्या पट्टीचा सांधा वापराने सैल झाला होता आणि हळुवार जागी त्याची टकटक ऐकू येत असे. सांध्याची गोळी बदलल्यावर ती गेली. मूळची लाकडी पेटी इतकी जड आहे की शाळेच्या बसमध्ये नेणे अशक्य होते, त्यामुळे हलकी पेटी वेगळी घ्यावी लागली, तो खर्च वर धरलेला नाही.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात बसून असे वाद्य परदेशातून मागवणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, गोव्यात पाश्चात्त्य संगीताची जुनी परंपरा आहे, म्हणजे वाद्य ऐकून सांगणारे जाणकार जवळ सापडतील. पण स्लाइड न पाहता पैसे पाठवू नयेत. निदान विकणाऱ्याकडून एक चित्रफीत मागावी: स्लाइड कोरडी करून, उभी धरून, सोडलेली. आतल्या नळ्यांची उजेडात तिरकी धरून काढलेली छायाचित्रेही मागावीत. बेलची सुंदर छायाचित्रे सगळेच पाठवतात. आणि पेटीत स्लाइड कुलूपबंद, बेलपासून वेगळी, मऊ कापडात गुंडाळून ठेवली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण प्रवासात पोचा पडतो तो बहुधा तिलाच.

सध्या रोटर जिथे थांबतो तिथली बुचे दबली आहेत, त्यामुळे पट्टी दाबल्यावर रोटरवरची खूण पाठीमागच्या खुणेशी पाव मिलिमीटर चुकते. नवी बुचे आणून ठेवली आहेत. ऑडिशन याच महिन्याच्या अखेरीस आहेत, म्हणून या शनिवारी ती बसवून, दोन्ही खुणा जुळल्या की मुलीकडून खालचा 'सी' वाजवून घेणार आहे.